पहिला हात

उन्हाळा लागला की पुण्याहून माझ्या नणंदेचा फोन येतो आणि तिचा प्रश्न ठरलेला असतो. यंदा मुलांना सुट्टीत कशात गुंतवलंस? तिच्या सोसायटीतली मुलं पोहायला जातात, ट्रेकला जातात, गिटार शिकतात. मी सांगते, आम्ही कूलर लावतो. ती हसते, तिला वाटतं मी टोमणा मारला. थोडासा मारलेला असतोच, पण उत्तर खरं असतं. आमच्या घरात एक सोळा वर्षांचा आणि एक चौदा वर्षांचा असे दोन मुलगे आहेत आणि हे दोघं आईबापासोबत आनंदाने करतील असं वर्षाकाठी एवढंच एक काम उरलंय. रामटेकला चला म्हटलं तर ऊन आहे. लग्नाला चला म्हटलं तर बोअर होते. कूलरच्या दिवशी मात्र दोघं हाक न मारता उठतात.

आमचा कूलर जुना आहे, लोखंडी, जवळजवळ माझ्या उंचीचा. आठ महिने तो गच्चीच्या कोपऱ्यात ताडपत्री पांघरून उभा असतो. पाडवा झाला की एखाद्या रविवारी त्याला जिन्यावरून खाली आणायचं. मग बाजूच्या जाळीदार ताट्यांमधली जुनी घास, म्हणजे लाकडाचा गवतासारखा कीस, काढून नवी भरायची, टाकी घासायची, आतून डांबर लावायचं, पंप बसवायचा आणि मनीषनगरच्या आमच्या घराशेजारच्या बोळीत, हॉलच्या खिडकीला लावून लोखंडी स्टँडवर तो चढवायचा. दिवसभर सगळ्यांच्या अंगाला डांबर, केसात घास, आणि जेवायला पिठलं-भात. संध्याकाळी पहिली हवा सुटली की आम्ही चौघं हॉलच्या ओल्या पुसलेल्या फरशीवर आडवे होतो. टरबुजाच्या फोडी मध्ये ठेवलेल्या असतात, मोबाइल कुठे पडलेत याची कोणाला शुद्ध नसते. नव्या घासेचा तो ओला वास आला की मला वाटतं, बस, याहून जास्त काही मागायचं नाही.

पण पहिल्या हवेच्या आधी पहिला हात असतो. हा आमच्या घरचा नियम. कूलर चालू केल्यावर त्याच्या पत्र्याला घरातला मोठा माणूस आधी हात लावून बघणार, करंट येतोय का ते. हात उलटा लावायचा, म्हणजे बोटांची मागची बाजू. सुलटा लावला आणि करंट असला तर मूठ आपोआप आवळते आणि माणूस पत्रा धरून बसतो. उलटा लावला तर हात झटक्याने मागे फेकला जातो. टेस्टर आहे घरात, पण माझ्या नवऱ्याचा टेस्टरवर विश्वास नाही. त्यातला दिवा उन्हात दिसत नाही, असं त्याचं म्हणणं. आधी त्याचे वडील हात लावायचे, आता तो. पायात रबरी चप्पल घालायची, मुलांना मागे सरकवायचं, 'आधी माझा हात' म्हणायचं आणि पत्र्याला बोटं टेकवायची. मुलं लहान असताना त्या क्षणी श्वास रोखून बघायची. मोठी झाल्यावर हसायला लागली, पण श्वास तरीही रोखायचीच.

आणि मग दरवर्षी तीच गोष्ट. नवरा लहान असताना त्यांच्या गल्लीत शेजारच्या एक काकू कूलरमध्ये पाणी भरत होत्या. दुपारची वेळ, सगळं घर झोपलेलं. पाणी वाहून अंगणात आलं तेव्हा लोकांच्या लक्षात आलं. काकू कूलरला चिकटलेल्या होत्या. त्या दिवसापासून माझ्या सासऱ्यांनी पहिल्या हाताचा नियम काढला. गोष्ट सांगून झाली की नवरा पत्र्यावर एक थाप मारायचा आणि म्हणायचा, चला, पास.

यंदाच्या थंडीत त्याच्या छातीत पेसमेकर बसवला. डाव्या खांद्याखाली कातडीआड काडेपेटीएवढा उंचवटा आहे. डॉक्टरांनी सगळं नीट समजावलं. चाला, कामावर जा, घरातल्या चांगल्या चालणाऱ्या वस्तू वापरा, काही होत नाही. फक्त करंटशी खेळ नको, म्हणाले. दवाखान्यातून बाहेर पडताना मला पहिल्यांदा आठवला तो कूलर.

मोठ्याला बहुधा त्याच्याही आधी आठवला असावा. बापाच्या आजारपणात हा पोरगा एका आठवड्यात मोठा झाला, आणि ते मला आवडलं, पण तो मोठा झाल्याचं विसरेचना. बाबा, पिशवी ठेवा खाली. बाबा, गाडी मी काढतो. बाबा, जिना हळू. सगळं मायेनेच. पण प्रत्येक वाक्यागणिक माझ्या नवऱ्याचा चेहरा उतरत जायचा. एकदा सिलेंडर सरकवायला तो वाकला आणि पोराने मागून येऊन त्याचा हात धरून बाजूला केला.

"मी मेलो नाही अजून," नवरा म्हणाला.

"मी तसं म्हटलं का?"

"मग हात काहून धरून राहिला माझा?"

त्या दिवसापासून दोघांचं बोलणं माझ्यामार्फत सुरू झालं. त्याले सांग, फी भरायची तारीख जवळ आली. बाबांना सांग, भरली. एका टेबलावर बसून मी दोघांचे निरोप पोचवायची, आणि पोळ्याही वाढायची.

पाडवा गेला, रामनवमी गेली, कूलर गच्चीवरच होता. दुपारी घराच्या भिंती आतूनही तापायला लागल्या. नळाचं पाणी हाताला चटके द्यायचं. पंखा गरम हवा नुसती इकडून तिकडे ढकलायचा. शेजारीपाजारी सगळ्यांचे कूलर घरघरत होते आणि आम्ही चौघं चार कोपऱ्यांत घाम पुसत बसलो होतो. कूलरचं नाव कोणी काढत नव्हतं, कारण काढलं की पुढचा प्रश्न येणार. हात कोण लावणार? मी एकदा म्हणून बघितलं की कूलर लावायला यंदा मेकॅनिकला बोलावू. नवऱ्याने पेपर खाली केला. "आपल्या घरी? मेकॅनिक?" मोठा आतल्या खोलीतून म्हणाला, "गरज नाही. मी आहे ना." पेपर पुन्हा वर गेला.

मला भीती वाटत होती. रात्री पाठ टेकली की एकदा नवरा दिसायचा कूलरसमोर, एकदा मुलगा. दोघांपैकी कोणीही हात लावला तरी माझंच जाणार होतं. आणि हे दोघं समजत होते की भांडण त्यांचं आहे.

नवतपा, म्हणजे मे अखेरचे ते नऊ भाजून काढणारे दिवस, जवळ आला तसा एका रविवारी मोठा पहाटेच उठला, धाकट्याला हलवून उठवलं आणि बापाला न विचारता दोघांनी कूलर खाली आणला. जिन्यावरचा खडखडाट ऐकून नवरा बाहेर आला. दोन्ही पोरं घामाघूम, कूलर मध्ये, जिना अरुंद. दरवर्षी खालची बाजू तो धरायचा. त्याचे हात तसेच थोडे वर आले आणि खाली गेले. मग तो व्हरांड्यात खुर्ची टाकून बसला, पेपर उघडला आणि त्या दिवशी त्याने त्याचं एकही पान उलटलं नाही.

मोठा बर्डीच्या बाजारात जाऊन घास आणि डांबराचा डबा घेऊन आला. तोवर धाकट्याने टाकी घासली. वायरीचा प्लग पार जळून काळा झाला होता, तो कापून त्याने कपाटातल्या जुन्या टेबल फॅनचा प्लग काढून लावला. भलताच खूश होता. मला दाखवायला आला, "आई, पाह्य, मी एकट्यानं केलं." मी म्हटलं, शहाणा माझा. मग मी बोळ झाडायला घेतली. घासेचे तुकडे, गंजाचे पोपडे, वायरीची कापलेली टोकं, त्यात एक हिरवं, सगळं सुपलीत भरून कचऱ्यात टाकलं.

दुपार कलता कूलर स्टँडवर चढला. टाकी भरली. बोळीतली फरशी पाण्याने भिजली होती, मोठ्याच्या पँटचे पाय गुडघ्यापर्यंत दुमडलेले. धाकटा आत हॉलमध्ये बटनाजवळ उभा. मी दारात. तेवढ्यात खुर्ची सरकल्याचा आवाज आला. नवरा उठून, बनियनवरच, बोळीत आला. पायात रबरी चप्पल होती.

"सरक," तो म्हणाला. किती तरी आठवड्यांनी तो थेट मोठ्याशी बोलत होता.

"नाही बाबा."

"सरक म्हणतो ना."

"डॉक्टरांनी काय सांगतलं ते ऐकलं ना तुम्ही?"

"डॉक्टर माह्या घरात कूलर लावायले येते का?"

"अहो, दोघंही राहू द्या," मी म्हणाले. "टेस्टर लावू. उद्या मेकॅनिकला बोलावू. काय घाई आहे?" माझ्याकडे दोघांपैकी कोणीही बघितलं नाही.

"चालू कर बे," मोठा खिडकीतून धाकट्याला म्हणाला.

"मी सांगतल्याशिवाय बटन दाबायचं नाही," नवरा म्हणाला.

धाकट्याचा चेहरा खिडकीच्या गजांमागे होता. तो एकदा बापाकडे बघायचा, एकदा भावाकडे. लहान भावाला बापापेक्षा मोठ्या भावाची आज्ञा पाळायची सवय जास्त असते. "दाब ना बे!" मोठा ओरडला आणि त्याने दाबलं.

पंखा घरघरला. नवऱ्याचा हात पुढे झाला आणि त्याच्या आधी मोठ्याचा. बोटं टेकल्याचं मला दिसलंसुद्धा नाही. त्याचा हात खांद्यापासून मागे उडाला, तो तोंडातून विचित्र आवाज काढत कंपाऊंडच्या भिंतीवर आदळला आणि घसरून ओल्या फरशीवर बसला. नवरा त्याच्याकडे झेपावला. मध्ये तो कूलर, बोळ अरुंद, खाली पाणी. पत्र्याला न घासता तो पोचूच शकला नसता. मी मागून त्याचं बनियन दोन्ही हातांनी धरलं आणि ओढलं. बनियन टर्रकन फाटलं, पण तो थांबला. "बंद कर! बंद कर!" मी ओरडत होते. खिडकीत धाकटा नुसता उभा होता, बोट बटनावरच. मग एकदाचं बटन वाजलं.

पंखा लगेच थांबत नाही. तो हळूहळू मंद होत गेला आणि तेवढा वेळ आम्ही तिघं होतो तिथेच होतो, मी फाटकं बनियन धरून, नवरा एक पाय उचलून, आणि पोरगा भिंतीला टेकून आपल्या हाताकडे बघत. मग त्याने मान वर केली. ओठ पांढरे पडले होते.

"बाबा," तो म्हणाला, "उलटाच लावला होता."

नवरा खाली बसला. सरळ त्या पाण्यात बसला आणि पोराचा हात आपल्या दोन्ही हातांत घेऊन एकेक बोट चोळायला लागला. "पायात काहीच नाही घातलं गा," एवढंच म्हणाला. मी तिथेच उंबऱ्यावर बसून रडले, मोकळेपणाने, पोरांसमोर.

बऱ्याच वेळाने नवरा उठला. बटन बंद असल्याचं पुन्हा एकदा बघून आला, प्लग ओढून काढला आणि हातात धरून बघत राहिला.

"हिरवी कुठंय?"

धाकट्याच्या डोळ्यात पाणी तरारलं. "यात दोनच जागा होत्या बाबा. ती उरत होती. मी कापून टाकली."

मला सुपलीतलं ते हिरवं टोक आठवलं. आता मारतो की काय, म्हणून मी उठले, पण नवऱ्याने पोराला जवळ ओढलं आणि सगळं समजावून सांगितलं. काळी आणि लाल वायर कूलर चालवतात. हिरवी काही चालवत नाही, म्हणून ती बिनकामाची वाटते. पत्र्यात चुकून करंट उतरलाच तर तो ती गुपचूप जमिनीत नेऊन सोडते. आपला पंप जुना आहे, तो कधीपासून करंट सोडत असेल कोण जाणे. हिरवी होती म्हणून आपल्याला कळलं नाही.

मोठ्याला आधी कोपऱ्यावरच्या दवाखान्यात दाखवून आणलं. सगळं ठीक आहे म्हणाले. मग दोघं पोरं चौकातून नवा पंप आणि तीन पिनांचा प्लग घेऊन आली. नवरा खुर्ची बोळीत घेऊन बसला. तो सांगत होता आणि मोठ्याचे हात करत होते.

"अजून आवळ."

"हाव."

"हिरवीले थोडी लांब ठेव. ओढ बसली तर ती शेवटी निघाली पाहिजे."

"अशी?"

"हाव, अशी."

कित्येक आठवड्यांनी दोघं माझ्याविना बोलत होते. मला आनंद व्हायला हवा होता, आणि झालाही. पण स्क्रू आवळून झाले, कूलर पुन्हा भरला आणि दोघं उभे राहिले तेव्हा तोच प्रश्न पुन्हा आला, हात कोण लावणार. यावेळी भांडण नव्हतं. उलट नुसता आदर उतू चालला होता.

"मी लावतो बाबा, चप्पल घातली आता."

"नको, तुले एकदा बसला ना. मी उजवा लावतो, पेसमेकर डावीकडं आहे."

"मग दोघं मिळून लावू."

मी ऐकत होते आणि रडून मोकळं झालेलं माझं डोकं हळूहळू तापत होतं. बापलेक मर्दुमकी वाटून घेत होते, मघाशी एकट्याची, आता अर्धी अर्धी. मी दारातली माझी रबरी चप्पल पायात सरकवली. धाकट्याला म्हटलं, लाव बटन. माझा आवाज ऐकून त्याने काही न विचारता लावलं. मी त्या दोघांच्या मधून गेले आणि उलटा हात पत्र्यावर ठेवला.

काही झालं नाही. पत्रा गार होता, थोडा थरथरत होता. मी हात तसाच ठेवला.

"काहून वं!" नवरा किंचाळलाच. "वेड लागलं का तुले?"

"रोज दुपारी यात पाणी कोण भरते?" मी विचारलं.

मी उत्तराची वाट बघितली नाही.

"मी भरते. इतके उन्हाळे मीच भरून राहिली. ओल्या पायानं, हातात पाइप घेऊन. तेव्हा कोणी येते का आधी हात लावून पाहायले? बंद तरी करते का कोणी? बंद करायले गेली तर आतून ओरडता सगळे, बंद नको करू, गरम होते. तुम्ही तिघंही." माझा आवाज चढत गेला. शेजारच्या घराची खिडकी उघडल्याचं मला कळलं, पण मी थांबले नाही. "आणि त्या काकूंची गोष्ट दरवर्षी सांगता ना तुम्ही? त्या काय पहिल्या दिवशी गेल्या होत्या? पाणी भरताना गेल्या त्या. रोजच्यासारखं पाणी भरताना."

ती गोष्ट नवऱ्याने आयुष्यभर सांगितली होती. बहुधा त्या दिवशी त्याने ती पहिल्यांदा ऐकली.

मी पत्र्यावरून हात काढला आणि म्हटलं, "पास. टरबूज कापते."

पहिली हवा त्या संध्याकाळीही सुटली. आम्ही चौघं फरशीवर आडवे झालो. मोठा बापाच्या उजव्या दंडावर डोकं ठेवून पडला होता, इतका मोठा घोडा, मिशा फुटलेला. धाकटा माझ्या पायाशी. पाण्याची धार ताट्यांवरून खाली टपटपत होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी जेवणं उरकली. तिघं कूलरसमोर गाद्या टाकून पडले. टाकीतलं पाणी खाली गेलं असणार, म्हणून मी नेहमीसारखी पाइप ओढत बोळीत गेले. नळ सोडायच्या आधीच कूलर थांबला. मला वाटलं, लाईन गेली. मी खिडकीच्या गजांतून आत बघितलं.

नवरा बोर्डाजवळ उभा होता. प्लग ओढून काढून त्याने तो उजव्या हातात धरला होता, तिन्ही पिना वर करून, मला दिसतील असा. अंगावरून घाम निथळत होता. मागे गादीवर दोन्ही पोरं उठून बसली होती, कपाळं पुसत होती, आणि एकाच्याही तोंडातून गरम होते म्हणून शब्द निघाला नाही.

"भर," तो म्हणाला. "झालं की सांग."

त्या दुपारी मी टाकी जरा सावकाशच भरली.